दुपारचा ताप

"या घरात एकच जीव सुखात आहे," नणंद केकवालीच्या कानाशी पुटपुटली, "तो म्हणजे तुझं क्रीम."

स्वयंपाकघर इतकं चिंचोळं, की एकीला ओट्याकडे वळायचं असेल तर दुसरीनं पोट आत घ्यायचं. अशा जागी पुटपुटलेलं ऐकू आलं नाही असं दाखवणं अवघड असतं, पण केकवालीला ते जमे. लग्नानंतर ती जे जे शिकली, त्यात हे सगळ्यात आधी शिकली. ती खळखळून हात धूत राहिली.

नणंद टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारी ऐकायच्या टेबलावर होती. दिवसभर परक्यांची बडबड ऐकायची, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" असं मधात घोळून म्हणायचं, आणि सुट्टीच्या दिवशी साठलेलं सगळं घरी ओतायचं. घरी दिलगीर व्हायला कोणी बसलेलं नव्हतं.

"आज जरा हवा पडलीय," नणंद मोठ्यानं म्हणाली. तिच्या हनुवटीला घामाचा थेंब लोंबत होता.

"पडलीय खरी," केकवाली म्हणाली.

याच्या पुढे कोणी जाणार नव्हतं. या घरात एक शब्द बंद होता.

तो शब्द म्हणजे 'उकडतंय'. सासरे उभा जन्म पावाच्या भट्टीपुढे उभे राहिलेले. त्या भट्टीवर एक नेम असे. जो गडी "उकडतंय" म्हणेल, त्यानं उरलेली पाळी भट्टीच्या तोंडाशी काढायची, आधीचा सुटला. त्यामुळे सगळे दात-ओठ खाऊन गप्प, आणि दुसऱ्याच्या तोंडून कधी निसटतंय म्हणून टपलेले. सासऱ्यांच्या तोंडून तो कधी निसटला नाही. गल्लीत त्यांना भट्टीवाला म्हणत, आणि ते नाव त्यांना पदवीसारखं वाटे. भट्टीवरून त्यांनी घरी दोनच गोष्टी आणल्या: पाव आत-बाहेर करायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं, आणि हा नेम. घरात जो तो शब्द बोलेल, त्यानं त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक एकट्यानं करायचा. सासूबाई होत्या तेव्हा सगळा स्वयंपाक त्या एकट्याच करत, म्हणजे त्यांना बोलायला काही हरकत नव्हती. पण त्याही कधी बोलल्या नाहीत.

केकवाली नवी सून होऊन आली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाई बाई, किती उकडतंय!" सगळं घर एकदम हसलं. आपलं बोलणं यांना आवडतंय, असं तिला क्षणभर वाटलं. मग संध्याकाळपर्यंत ती एकटी शेगडीपुढे उभी होती आणि बाहेरच्या खोलीत हसणं चाललं होतं. शब्द ती पुन्हा बोलली नाही. हसणं मात्र लक्षात ठेवलं.

पुढे तिचा केकचा धंदा लागला. कोणी शिकवलं नव्हतं, चुकत चुकत हात बसला. पण लोण्याचा गुलाब सकाळी करावा, तर दुपारी कोबीसारखा दिसे आणि संध्याकाळी बशीतून ओघळे. घरात ऊन न लागणारी एकच खोली, मधली. आणि मधली खोली सासऱ्यांची.

मागच्या थंडीत जेवताना तिनं विषय काढला. "क्रीमला गार लागतं. कुठंतरी एसी बसवायला हवा."

एवढंच ती म्हणाली. नंतर कितीदा तरी तिनं नवऱ्याला तेच सांगितलं, की मी एवढंच म्हणाले. 'मधल्या खोलीत' हे शब्द तिनं उच्चारले नव्हते. फक्त बघितलं त्या दाराकडे.

सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "साबणाच्या फेसाला खोली पाहिजे," ते म्हणाले. "द्या. मी काय लोणी आहे, गार जागी ठेवायला?" हात धुतला, गादीची वळकटी काखेत मारली, फावडं उचललं, आणि गच्चीवरच्या खोलीत जाऊन दार लावलं.

गच्चीवरची खोली म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या असत. थंडीत मात्र ती उबदार होती. "छान ऊन येतं की बाबांना," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना धीर द्यायचा हे त्याचं काम, आणि घरी तो स्वतः कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला. "बाबा आपणहून गेले," असं त्यानं एकदा म्हटलं, मग नणंदेनं म्हटलं, मग शेजारी म्हणाले. ते वाक्य घरात कपाटासारखं बसलं. सगळे त्याला वळसा घालून ये-जा करू लागले.

एसी बसवणारा आला. थंड हवा सोडणारी पेटी मधल्या खोलीत, आणि गरम हवा बाहेर फेकणारं यंत्र गच्चीवर, सासऱ्यांच्या खिडकीशेजारच्या भिंतीला. "इथं सावली आहे, इथंच बरं," तो म्हणाला. "या खोलीत कोणी राहतं का?"

"असतात अधूनमधून," केकवाली म्हणाली.

मग गरमी आली. आली ती दारात पाय रोवून उभी राहिली, हलेचना. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटे. नळ सोडला की आधी कढत पाणी येई. माणसं एकमेकांशी कमी बोलत, आणि बोलत तेही चावून. मधल्या खोलीत केकवाली पातळ स्वेटर घालून गुलाब काढी. बाहेर आली की चष्म्यावर वाफ धरे, आणि तेवढ्या वाफेवरूनसुद्धा नणंदेला काही ना काही सुचे. "बघा, परदेशातून आल्या."

दुपार झाली की डोक्यावर ठक-ठक सुरू होई. सासरे फावड्याचा दांडा जमिनीवर आपटत. तिचं छत म्हणजे त्यांची जमीन. गुलाबाची पाकळी नेमकी अर्ध्यावर असताना ठक. हात हले, पाकळी वाकडी होई. ती दात खाऊन जिना चढे.

"काय हवंय?"

"तुझं ते यंत्र माझ्या तोंडावर श्वास सोडतंय."

"मग खिडकी बंद करा."

"खिडकी बंद केली की वारा कुठून येईल?"

"मग उघडी ठेवा."

"बाईला उत्तरं तयार असतात," ते भिंतीला सांगत. ती जिना उतरे. असं रोज. एखाद दिवशी ती वरून खाली येताना स्वतःशी म्हणे, म्हाताऱ्याचं एकही वाक्य असं नाही की ज्यात मी नाही. आणि दुसऱ्या दिवशी ठक-ठक जरा उशिरा झाली, तर तिचा कान वर लागलेला असे.

काही दिवसांनी ठक-ठकीबरोबर ताप सुरू झाला. दुपारी चढायचा, रात्री उतरायचा, सकाळी कुठे काही नाही. अंगाला हात लावला तर कढत, डोकं दुखतं, जेवण नको, चिडचिड मात्र ताजी. डॉक्टर सकाळी आला, कारण दुपारी तेवढे जिने चढायची त्याचीही तयारी नव्हती. सकाळी खोली बरी होती. त्यानं नाडी बघितली, जीभ बघितली. ताप नव्हता. "वयाचं आहे. पाणी भरपूर पीत जा, आजोबा."

"तहान लागत नाही मला," सासरे म्हणाले. "भट्टीवर सबंध पाळी कोरडी काढायचो. तुम्ही एक सुई टोचली की पाणी पिता, तसली माणसं नाही आम्ही."

डॉक्टर हसला आणि गेला.

"दुपारी येतो, रात्री जातो," खाली आल्यावर केकवाली नवऱ्याला म्हणाली. "माझे केक घरोघर जायच्या वेळेला येतो. असा वक्तशीर ताप मी पाहिला नाही."

"म्हणजे सोंग आहे, असं म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही."

"वहिनी कधीच काही म्हणत नाही," नणंद म्हणाली. "फक्त बघते. खोल्यांकडे."

त्या दिवशी तिघं भांडली. दुसऱ्या दिवशी, हे सोंग आहे की नाही याचा एकदाचा निकाल लावू म्हणून, तिघं थर्मामीटर घेऊन भरदुपारी वर गेली. काचेचा, पाऱ्याचा जुना थर्मामीटर. तो सासऱ्यांच्याच खिडकीच्या कठड्यावर पेल्यात उभा असे. केकवालीनं तो झटकला, त्यांच्या काखेत ठेवला. काढून बघितला तर एकशे चार.

ती घाबरली. खरंच घाबरली, भांडणच विसरली. नवरा म्हणाला, "पुन्हा लाव." त्यानं थर्मामीटर जोरात झटकला, पारा तळाला नेला, आणि काख पुसायला फडकं शोधू लागला. तेवढा वेळ थर्मामीटर टेबलावर पडून होता. उचलला, तर पारा पुन्हा वर. एकशे चारच्याही जरा पुढे. कोणाच्या काखेत न जाता.

तिघं थर्मामीटरवर वाकली.

"ताप थर्मामीटरला आलाय!" नवरा म्हणाला आणि हसला. कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला. नणंदही हसली. केकवालीची भीती सुटली, आणि सुटली ती हसण्यातूनच बाहेर पडली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

"मग त्याला न्या," सासरे पडल्या पडल्या म्हणाले. "झोपवा गार खोलीत. क्रीमशेजारी."

त्यावर तर सगळे आणखीच हसले. माणसाला न टेकता ती काच एवढी तापली, तर त्याच हवेत निजलेल्या माणसाचं काय, हे हसताना कोणाच्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल आणि हसण्याखाली दडपून बसलं असेल. केकवालीला नंतर आठवून आठवूनही नक्की सांगता आलं नाही.

तेव्हापासून ताप बघणं बंद झालं. थर्मामीटर बिघडलेला आहे म्हटल्यावर तापही बिघडलेलाच. नवऱ्यानं बापाला टेबलफॅन आणून दिला आणि आपलं कर्तव्य झालं अशा चेहऱ्यानं खाली आला. पंखा दिवसभर फिरे. त्या खोलीतली हवा अंगापेक्षा गरम, तीच तो उचलून सासऱ्यांच्या अंगावर मारी.

अजून एक गोष्ट होती. सासऱ्यांच्या खांद्यावर कायम एक टॉवेल असे. भट्टीवरची सवय. इतका घाम येई त्यांना, की टॉवेल पिळला तर पाणी निघे, आणि तो धुताना केकवाली नाक मुरडी. हल्ली तो वरून येई तेव्हा कोरडा असे. खरखरीत, कडक, खाकी कागदासारखा. बरं झालं, एक कपडा कमी, असं तिला वाटलं. तिनं तो दोनदा तर न धुताच घडी करून वर पाठवला.

मग त्या तीन मजली केकचा दिवस आला.

लग्नाचा केक. मोठं घर, नवं गिऱ्हाईक. हा नीट गेला तर पुढे तिला गल्लीबाहेर नाव. सकाळपासून ती मधल्या खोलीतून हलली नव्हती. संध्याकाळी गाडी येणार होती. वरचा मजला गुलाबांनी भरला, मधल्यावर वेल काढली, खालच्यावर पाकळ्यांची झालर. नवरा दुपारच्याला घरी होता, नणंदेला सुट्टी. सगळे आपापल्या कोपऱ्यात दात आवळून पडलेले.

दुपार झाली. ठक-ठक नाही.

रुसलेत, तिला वाटलं. तीन दिवसांपूर्वी त्यांनी तिच्या केकला दाढीचा फेस म्हटलं होतं आणि ती उलट म्हणाली होती, "तुमच्या पावापेक्षा मऊ आहे, दात नसलेल्यांना चालेल." तेव्हापासून ते जेवणाचं ताटही परत पाठवताना पालथं घालून पाठवत होते. रुसू देत. बरंच आहे. तिनं एक गुलाब काढला, दुसरा काढला. तिसऱ्याची पाकळी अर्ध्यावर आली आणि हात आपोआप थांबला. ठक व्हायची वेळ होती ती. काहीच झालं नाही. पाकळी सरळ आली. ती त्या सरळ पाकळीकडे बघत राहिली.

मग वरून आवाज आला, पण ठक नव्हता. घासल्याचा होता. काहीतरी जड ओढत न्यावं तसा. आणि सासऱ्यांचा आवाज, चढा, हुकमी: "काढ! काढ लवकर, करपतायत!"

ती जिना चढली. दार उघडताच तोंडावर हवा आली. तिला ती ओळखीची होती. ओव्हनचं झाकण उघडताना रोज येते तीच. खिडकीतून यंत्राचा झोत आत पडत होता, पंखा तो झोत घेऊन खोलीभर फिरवत होता. सासरे उभे होते. उश्या, चादरीच्या घड्या, कपडे, सगळं त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडलं होतं आणि लांब फावडं घालून एकेक उशी उचलत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"उभा काय राहिलास?" ते तिच्याकडे बघून ओरडले. "नवा आहेस का? तोंडाशी उभा राहा. तिकडं, तिकडं! सगळे पाव काळे करशील, चोरा!"

"मी आहे. सून."

"कोणाची सून? इथं बायका येत नाहीत." त्यांनी फावडं तिच्यावर उगारलं. मारायला नव्हे, पण तिला ते कळायला जरा वेळ लागला. त्यांचा चेहरा लाल होता आणि कोरडा. कपाळावर एक थेंब नाही. पाय लटपटले, फावडं सुटलं, आणि ते भिंतीला धरून खाली घसरले.

तिनं त्यांच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. ओव्हनमधून काढलेलं भांडं हातात धरता येईल की नाही, हे ती तशी बघे. हात झटकन मागे आला.

"अहो!" ती जिन्यातून ओरडली. "ताई! वर या!"

दोघं धावत आली. आणि आली तशी बोलायला लागली.

"चक्कर आली असेल. जेवले नसतील."

"ताट तू आणलंस ना? मग बघायचं नाही का, जेवले की नाही ते?"

"मला माझ्या नोकरीतून वेळ कधी मिळतो, ताई? तू सुट्टीवर होतीस."

"काल नळाचं पाणी गढूळ होतं. पोटाचं असेल."

"डॉक्टर म्हणालाच होता, वयाचं आहे."

"मेंदूचं तर नसेल? मला ओळखत नाहीयेत..."

"ओळखत नसल्याचं नाटक करतात कधीकधी," नणंद म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज फाटला.

"पाय धरा," केकवाली नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"पाय धरा त्यांचे! खाली न्यायचंय."

"खाली कुठे?"

कुठे ते तिघांनाही माहीत होतं. चादरीत घालून त्यांनी म्हाताऱ्याला जिन्यावरून उतरवलं. म्हातारा सगळ्या जिन्याभर शिव्या देत होता. या तिघांना, भट्टीच्या मालकाला, कोणा मेलेल्या गड्याला. वळणावर सासऱ्यांनी कठडा धरला आणि सोडेनात. "लोणी नाही मी," ते पुटपुटले. "लोणी नाही." केकवालीनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. फार जोर लागला नाही, आणि तेच तिला सहन होईना.

मधल्या खोलीच्या मध्यभागी टेबल, टेबलावर केक. माणूस निजवायला जागा नव्हती. क्षणभर, आणि तो क्षण तिला पुढे फार दिवस पुरला, ती केकसमोर उभी राहिली. मग तिनं टेबलाला ढुंगण लावून ते दाराबाहेर ढकललं. बाहेरच्या बोळकांडीत ते भिंतीला आपटून थांबलं आणि वरचा मजला किंचित कलला.

सासऱ्यांना फरशीवर ठेवलं. सदरा फाडून काढला. ओल्या चादरीनं अंग गुंडाळलं. केक पाठवताना डब्यात ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या तिनं फडक्यात गुंडाळून त्यांच्या काखांत घातल्या, मानेला लावल्या, जांघांशी ठेवल्या. नवरा पुठ्ठ्यानं वारा घालत होता. नणंद रुग्णवाहिकेला फोन लावून उभी होती, पलीकडून कोणीतरी मधात घोळून काहीतरी म्हणालं असावं, कारण ती एकदम किंचाळली, "दिलगीर होऊ नका! गाडी पाठवा!" फोन ठेवून ती तिथंच जमिनीवर बसली. "निघाली म्हणतात."

मग कोणाला तरी सुचलं म्हणून नवरा थर्मामीटर घेऊन आला. थर्मामीटर कढत होता. त्यानं तो गार फरशीवर ठेवला, उचलून झटकला. पारा तळाला गेला. पुन्हा फरशीवर ठेवला, वाट बघितली. पारा तळालाच राहिला. एका बाजूची बर्फाची पिशवी काढून, काख कोरडी पुसून, त्यानं तो बापाच्या काखेत घातला आणि हात दाबून धरला. तिघं वाकून बसली होती. काढला तेव्हा त्यानं तो आधी केकवालीच्या हातात दिला, जणू वाचायचं काम तिचं.

एकशे पाच.

"थर्मामीटर..." नवरा म्हणाला. थर्मामीटरमध्ये काही नव्हतं. बिघाड नव्हता, कधीच नव्हता. तो वर खरं बोलत होता आणि खालीही खरंच बोलत होता.

"साथ आहे सध्या कसलीतरी," नणंद म्हणाली. "आमच्या ऑफिसात दोघांना..."

"हो. साथ असेल."

"नाहीतर ते गढूळ पाणी."

"असेल."

"बाबा ऐकतच नाहीत कोणाचं. आपणहून गेले ना ते वर. आपण काय..."

बाहेर बोळकांडीत काहीतरी टप्प करून पडलं. गुलाब होता. जरा वेळानं दुसरा पडला. कोणी मान वळवली नाही. केकवाली सासऱ्यांच्या तोंडाशी ओलं फडकं धरून बसली होती. डोक्याच्या वर, छतापलीकडे, ते यंत्र घरघरत होतं. आता एक माणूस निववण्यासाठी ते त्याच माणसाच्या रिकाम्या खोलीत गरम हवा ओतत होतं. तिच्या जिभेवर शब्द आला होता, साधा, पाच अक्षरांचा. पण तो बाहेर पडला असता, तर त्याच्यामागून पत्रा आला असता, बंद करा म्हटलेली खिडकी आली असती, कोरडा टॉवेल आला असता, आणि जेवताना एका दाराकडे टाकलेली नजर आली असती. ती गप्प बसली. तिघंही गप्प बसली. त्या घराला त्याची सवय होती.

बर्फाच्या पिशव्या बदलल्या. चादर पुन्हा भिजवली. किती वेळ गेला कोणी बघितलं नाही. मग सासऱ्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेला, काहीतरी चमकलं. फडक्याचं पाणी असेल, म्हणून तिनं पुसलं. ते पुन्हा आलं. बारीक, मोहरीएवढं. तिनं बोट लावून जिभेला टेकवलं. खारट होतं.

त्यांनी डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं. जुनी ओळख असावी तसं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. मग मुलाकडे. मग लेकीकडे. मग तिच्याकडे, आणि या वेळी त्यांना ती कोण ते कळत होतं, कारण कपाळाला ती नेहमीची आठी पडली.

"तुझा फेस गळतोय बाहेर," ते म्हणाले.

"गळू दे."

"लोकांना काय देशील?"

"बोलू नका."

खालून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. नवरा उठला, दाराकडे गेला, पण पाय उंबऱ्याशी थांबले. सासऱ्यांनी हात हलवला होता. त्यांचा हात चाचपडत तिच्या मनगटाशी आला आणि त्यांनी ते धरलं; मघाशी कठडा धरला होता तसं, सुटू नये असं. ओठ दोनदा हलले. शब्द तिथपर्यंत येऊन परत जात होता. भट्टीसमोरच्या सगळ्या वर्षांना ओलांडून त्याला यायचं होतं. नणंदेनं तोंडावर हात ठेवला. कोणी हसलं नाही.

"सूनबाई," भट्टीवाला म्हणाला, "वर फार उकडतं गं."